डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाला बोलते करताना

डाऊन सिंड्रोम असलेली बहुतेक मुले बोलायला शिकतात. मात्र त्यांचे बोलणे त्यांच्या समजुतीच्या बरेच मागे असते. ‘बाबांची चप्पल कुठे आहे?’ असे विचारल्यावर जे मूल दाराकडे बघते, कधी रांगत जाऊन चप्पल ओढूनही आणते, त्याच मुलाच्या तोंडून ‘चप्पल’ हा शब्द यायला आणखी बराच काळ जावा लागतो. पहिला शब्द कोणाचा दीड वर्षाच्या सुमारास येतो, तर कोणाचा तिसरे वर्ष उलटल्यावर. या मधल्या काळात ‘याला काही कळत नाही’ असे धरून घरातली माणसे त्याच्याशी बोलणेच कमी करतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते.

या उशिरामागची कारणे समजून घेतली, तर पुढचे उपाय आपोआप पटतात. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असल्यामुळे या मुलांचे स्नायू सैल असतात, आणि त्यात ओठ, जीभ व गालांचे स्नायूही आले. तोंडाची पोकळी लहान आणि टाळू अरुंद असल्यामुळे जिभेला फिरायला जागा कमी मिळते, म्हणून उच्चार नेमके साधत नाहीत. त्याखेरीज ऐकलेले शब्द क्षणभर मनात धरून ठेवणे या मुलांना अवघड जाते, तर डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तुलनेने चांगली लक्षात राहते. म्हणून केवळ कानावर विसंबून न राहता डोळ्यांना सोबत घ्यायचे, हेच पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टींचे सूत्र आहे.

आधी कान तपासा

डाऊन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते, तिच्यात मळ लवकर साठतो आणि पडद्यामागे द्रव साचण्याचे प्रमाणही फार असते. अशा वेळी मूल बहिरे नसते, पण त्याला आपले बोलणे दबलेले आणि अस्पष्ट ऐकू येते. शिवाय सर्दी झाली की ऐकणे कमी होते आणि बरी झाली की सुधारते, त्यामुळे घरच्यांना ते ‘लक्ष देत नाही’ असेच वाटत राहते. जन्मानंतरची श्रवणचाचणी व्यवस्थित आली, एवढ्यावर थांबू नये. दोन्ही कानांचे वेगवेगळे खात्रीशीर निष्कर्ष मिळेपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी चाचणी करावी, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची सूचना आहे आणि ती आपल्याकडेही पाळण्याजोगी आहे. लहान बाळ स्वतः सांगू शकत नाही, म्हणून आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो हे पाहणारी ‘बेरा’ चाचणी त्याची झोपेत करतात. द्रव वारंवार साचत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठपुरावा करावा. थायरॉइडची रक्ततपासणी पहिल्या वर्षात आणि पुढे दरवर्षी, तसेच डोळ्यांची तपासणीही चुकवू नये. ज्या मुलाला आपला चेहरा नीट दिसत नाही, त्याला ओठांच्या हालचाली पाहून शिकता येत नाही.

शब्दांच्या आधीचा काळ

बोलण्याची तयारी पहिल्या शब्दाच्या कितीतरी आधी सुरू होते. बाळाला मांडीवर असे घ्यावे की त्याला तुमचा चेहरा समोर दिसेल, मानेला आधार असेल आणि खोलीत टीव्ही चालू नसेल. त्याने ‘अ’ केले, तर तुम्हीही ‘अ’ करावे आणि मग थांबावे. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. या बाळांना प्रतिसाद द्यायला जास्त वेळ लागतो, आणि आपण दोन सेकंदांत पुढचे वाक्य बोलून त्यांची पाळी हिरावून घेतो. मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत आकडे मोजावेत. तोवर कधी ओठ हलतील, कधी पाय झाडले जातील, कधी नुसती नजर येईल, आणि त्यातले काहीही आले तरी ते उत्तर मानून पुढे बोलावे.

आपल्या घरांतली बाळबोली इथे मोठे काम करते. मंमं, काऊ, भूभू, हम्मा, बाबा, टाटा यांत एकच आवाज पुन्हा येतो किंवा शब्द अगदी आटोपशीर असतो, आणि ‘म’, ‘प’, ‘ब’ हे आवाज ओठांवर होत असल्यामुळे ते बाळाला दिसतातही. असे शब्द वापरल्याने मूल बोबडेच राहील, ही भीती अनाठायी आहे.

खुणांना घाबरू नका

‘हाताने खुणा शिकवल्या तर तो कधी बोलणारच नाही’, असे नातेवाईक हमखास सांगतात. अनुभव आणि अभ्यास दोन्ही याच्या उलट आहेत. जिभेआधी हात ताब्यात येतो, म्हणून खुणेमुळे मुलाला आपले म्हणणे पोहोचवता येते, चिडचिड कमी होते, आणि शब्द स्पष्ट येऊ लागले की बहुतेक मुले खुणा आपणहून सोडून देतात. अट एवढीच की खूण करताना तोंडाने शब्द प्रत्येक वेळी बोलला गेला पाहिजे. रोज लागणाऱ्या पाच-सहा गोष्टींपासून सुरुवात करावी: अजून, संपले, पाणी, दूध, वर घे, झोप. भारतीय सांकेतिक भाषेतील खुणा घ्याव्यात किंवा थेरपिस्टने, म्हणजे बोलण्याचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने, सुचवलेल्या, पण आजी-आजोबा आणि पाळणाघरातल्या ताई यांच्यासकट सर्वांनी तीच खूण वापरावी.

जेवणाची वेळ यासाठी सर्वांत सोयीची आहे, कारण चिऊ-काऊचा घास प्रत्येक घरात असतोच. वरण-भाताचा घास हातात धरून तो आपल्या तोंडाजवळ न्यावा, म्हणजे मुलाची नजर ओठांवर येईल. ‘चिऊचा घास’ म्हणून भरवावा. पुढचा घास उचलावा, ‘हा घास कोणाचा?’ म्हणून थांबावे आणि भुवया उंचावून वाट पाहावी. मुलाने ‘का’ एवढेच म्हटले किंवा खिडकीकडे बोट दाखवले, तरी ‘हो, काऊचा!’ म्हणून घास लगेच द्यावा. तो पूर्ण शब्द म्हणेपर्यंत घास अडवून धरू नये. घास अडवल्याने मूल बोलणे नव्हे, तर रडणे शिकते, आणि जेवणाचा आनंद जातो तो वेगळाच. घास गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तर मात्र तो खेळ थांबवून आधी डॉक्टरांना आणि थेरपिस्टना दाखवावे.

शब्द आणि शब्दांच्या जोड्या

पहिले शब्द निवडताना रंग, आकडे आणि प्राण्यांचे तक्ते बाजूला ठेवावेत. मुलाला ज्याची गरज आहे, तेच शब्द आधी रुजतात. मराठीत दे, घे, ये, जा, खा, पी, बस ही क्रियापदे एवढी छोटी आहेत की सैल जिभेलाही ती पेलतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाने काहीतरी घडवून आणता येते. ‘हे काय आहे? ते काय आहे?’ अशी सरबत्ती करण्याऐवजी मूल जे करत आहे, तेच आपण शब्दांत सांगावे: ‘चेंडू गेला. खाली गेला. आण चेंडू.’ वाक्य छोटे असावे, पण तोडके नसावे. प्रत्यय गाळून बोलण्याची गरज नाही.

मुलाने ‘बॉ’ म्हटले, तर ‘बॉल नीट म्हण’ असे टोकू नये. ‘हो, बॉल. मोठा बॉल’ असे योग्य रूप त्याच्या कानावर घालावे आणि त्यात एका शब्दाची भर टाकावी. बोललेले आणि खुणेचे शब्द मिळून साधारण पन्नास ते शंभर झाले की दोन शब्द जोडण्याची वेळ येते. त्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्टीवर दोन मोठे ठिपके काढावेत आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवत ‘आई… ये’, ‘दूध… संपलं’ असे म्हणावे. ठिपका समोर दिसत असल्यामुळे दुसरा शब्द गळून पडत नाही.

वाचनाचा उपयोग अनेकांना अविश्वसनीय वाटतो, पण डाऊन सिंड्रोम असलेली काही मुले स्पष्ट बोलू लागण्याआधीच छापील शब्द ओळखू लागतात. मूल चित्राशी चित्र जुळवू लागले आणि बऱ्यापैकी शब्द समजू लागले, म्हणजे अडीच-तीन वर्षांच्या आसपास, हा प्रयोग सुरू करावा. बाराखडीपासून नव्हे, तर घरातल्या माणसांच्या नावांपासून सुरुवात करावी. जाड पांढऱ्या कागदावर ठळक अक्षरांत ‘आई’, ‘बाबा’, ‘आजी’ असे शब्द दोन-दोन प्रतींत लिहावेत. आधी ‘आई’वर ‘आई’ ठेवायला सांगावे, त्यात हात बसला की ‘आजी दे’ म्हणून दोनांतून एक निवडायला सांगावे, आणि शेवटी ‘हे काय लिहिलंय?’ असे विचारावे. मूल अडखळले, तर त्याचा हात हलकेच योग्य कागदाकडे न्यावा. चुकण्याआधी मदत मिळाली, तर ही मुले टिकून शिकतात. पाच मिनिटे पुरेत.

घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी असेल, तर मराठी सोडण्याचा सल्ला अनेकांना मिळतो. दोन भाषांमुळे डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची भाषा आणखी मागे पडते, असे संशोधनात दिसलेले नाही. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते, ती भाषा मुलाकडून काढून घेऊ नये.

जिभेला वेखंड उगाळून लावणे, कारण नसताना जिभेखालचा पडदा कापून घेणे, तासन्‌तास शिट्ट्या आणि फुगे फुंकायला लावणे यांनी बोलणे सुधारते याला भक्कम आधार नाही. एक वर्षाखालील बाळाला मध तर कोणत्याही कारणाने चाटवू नये.

मदत कुठे मिळते

मूल बोलत नाही असे दिसेपर्यंत थेरपिस्टकडे जायचे थांबू नये. पहिल्या काही महिन्यांतच जावे, आणि त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे, याची खात्री करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश असून त्याअंतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, म्हणजे लहान वयातच तपासणी व उपचार करणारी केंद्रे आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा अंगणवाडीत त्याची चौकशी करावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. आठवड्याला पाऊण तासाच्या थेरपीतून सराव पुरेसा होत नाही, म्हणून थेरपिस्टना आठवड्याचे एकच काम मागावे आणि ते अंघोळ, कपडे व जेवण यांत बसवून घ्यावे.

घरी एक वही ठेवावी आणि तिच्यात तीन रकाने करावेत: समजणारे शब्द, खुणेने सांगितलेले आणि तोंडाने बोललेले. शब्द नवा असेल, तेव्हा तारीख लिहावी आणि उच्चार जसा आला तसाच लिहावा, ‘पाणी’साठी ‘पा’ तर ‘पा’. दर भेटीत ही वही थेरपिस्टना दाखवावी, म्हणजे पुढचे शब्द अंदाजाने न ठरवता तिच्यातूनच निवडता येतात.