कळा सोसताना: पहिलटकरणीसाठी आणि तिच्या उशाशी बसणाऱ्या बाईसाठी

पहिल्या बाळंतपणात कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत बारा-अठरा तास सहज जातात, कधी त्याहून जास्तही. घरात मात्र पहिली कळ आली की धांदल उडते. कोणी एरंडेल शोधतं, कोणी रिक्षावाल्याला फोन लावतं आणि पोरीला पडवीत येरझाऱ्या घालायला लावतात. रात्रभर चालून पहाटे ती गळून गेलेली असते आणि गर्भपिशवीचं तोंड जेमतेम तीन सेंटिमीटर उघडलेलं असतं. दुखण्यापेक्षा थकव्यानं हात टेकणाऱ्या बायका जास्त. म्हणून खाली जे सांगितलंय त्यातलं निम्मं कळ सोसण्याबद्दल आहे आणि निम्मं दोन कळांच्या मधली विश्रांती वाया न घालवण्याबद्दल.

कळ म्हणजे काय होतं

गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि स्वतःचं तोंड वर ओढून घेतो. ते तोंड ० ते १० सेंटिमीटर उघडायला हवं. साधारण ५ सेंटिमीटरपर्यंतचा टप्पा संथ असतो. कळा येतात-जातात, मध्येच विरळ होतात. त्यानंतर त्यांना लय येते. भरात आलेली कळ ४० ते ६० सेकंद टिकते आणि मध्यावर सर्वांत तीव्र असते. मग ती उतरते आणि पोट सैल पडतं. हे सैल पडणं महत्त्वाचं. पोट सतत दगडासारखं घट्ट राहिलं आणि दुखणं थांबतच नसेल, तर ती कळ नव्हे. तसं झाल्यास ताबडतोब दवाखाना गाठायचा.

खोट्या कळा कशाही येतात. पाणी प्यायलं, कुशीवर आडवं झालं, कोमट पाण्यानं अंघोळ केली की त्या विरतात. खऱ्या कळा कशानंही थांबत नाहीत. त्या बहुधा कंबरेतून निघून ओटीपोटात उतरतात आणि दर तासाला थोड्या जवळ येतात. मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजायचं. एक संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत मोजलं तर हिशेब चुकतो. हे काम सोबतीच्या बाईचं. दर तासाला चार-पाच कळा मोजून फोनमध्ये किंवा कॅलेंडरच्या मागे लिहिल्या तरी पुरे. प्रत्येक कळेला घड्याळ बघत बसलं की बाई जास्त घाबरते.

निघायचं कधी

सर्वसाधारण नियम असा: पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघावं. पण हा नियम अर्ध्या तासावर दवाखाना असणाऱ्यांचा. आपल्याकडे कोकणात वाडीतून डांबरी रस्त्यावर यायलाच वीस मिनिटं जातात, मग घाट किंवा खाडी. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशी फेरीबोट वाटेत असेल तर रात्री ती बंद असते, आणि वळसा घालून जायला कितीतरी जास्त वेळ लागतो. दवाखाना तासाभराहून दूर असेल तर आठ-दहा मिनिटांवर कळा आल्या की निघा. दुसरेपण असेल तर कळांना लय आली की निघा, कारण दुसऱ्या वेळी शेवटचे तास भराभर सरतात. जून ते सप्टेंबरमध्ये तारीख असेल आणि वाटेत दरडी कोसळत असतील, साकव पाण्याखाली जात असेल, तर तारखेच्या दोन आठवडे आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे राहायला जावं.

कळा असोत-नसोत, पुढचं काहीही झालं तर थांबायचं नाही: पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फुटली, पाणी हिरवट किंवा तपकिरी आलं, ताजं लाल रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे आले, ताप आला, ३७ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, किंवा आधीच्या सिझेरियनच्या टाक्यावर दुखू लागलं. नाळ बाहेर दिसली तर गुडघे आणि छाती टेकून, ढुंगण वर करून ठेवायचं आणि त्याच स्थितीत गाडीत घ्यायचं. नाळेला हात लावायचा नाही. १०८ ला फोन करताना 'गरोदर बाई आहे, कळा सुरू आहेत' असं स्पष्ट सांगा आणि गाडी कुठवर येते तिथे माणूस उभा करा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११पासून) बाळंतपण, औषधं, सिझेरियन आणि ने-आण मोफत आहे.

गाडीत उताणं झोपवू नका. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घालून न्या. खाली प्लास्टिक आणि जुना टॉवेल घाला.

घरातले तास

रात्री कळा सुरू झाल्या तर झोपायचं. झोप नाही लागली तरी अंधारात डाव्या कुशीवर पडून राहायचं. दिवस असेल तर नेहमीची हलकी कामं करावीत. चालणं चांगलं, पण अर्धा तास चाललं की अर्धा तास टेकायचं.

पोटात काहीतरी हवंच. उकड्या तांदळाची पातळ पेज मिठाचा खडा घालून, नाचणीचं आंबील, शहाळं, लिंबू सरबत, मऊ भात-ताक यातलं जे उतरेल ते. दर तासाला वाटीभर, घोटघोट. नारळाच्या दाट रसातलं किंवा तळलेलं नको, कारण पुढे उलट्या होतात तेव्हा तेच वर येतं. दवाखान्यात पोचल्यावर मात्र खाण्यापिण्याबद्दल डॉक्टर-नर्सचं ऐकायचं.

दर दोन तासांनी लघवीला जाऊन यायचं, लागली नसली तरी. भरलेलं मूत्राशय बाळाचं डोकं अडवतं आणि कळ उगाच जास्त दुखते. ही एवढी साधी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते.

एरंडेल देऊ नका. त्यानं जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी जातं आणि बाई कामाच्या वेळी निकामी होते. 'कळा वाढवायचं इंजेक्शन' घरी किंवा साध्या क्लिनिकमध्ये कोणी देऊ केलं तर ठाम नकार द्या. ते औषध सलाइनमधून, थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत द्यायचं असतं. दंडात टोचलं तर कळ सुटतच नाही, बाळ गुदमरतं, गर्भाशय फाटूही शकतं. घरात पडलेली दुखण्याची गोळीही नको. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला घातक ठरू शकतात.

श्वास

नाकानं आत घ्यायचा, मनात चार मोजत. तोंडानं सोडायचा, सहा मोजत, ओठ सैल ठेवून. एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाची कळ सहा श्वासांत संपते. तिसरा-चौथा श्वास सगळ्यात अवघड आणि पाचव्याला उतार. सोबतीच्या बाईनं हे कानाशी हळू मोजावं: 'तिसरा… चौथा… आता उतरतेय.' कळेला शेवट आहे हे कानावर पडत राहिलं की बाई धीर धरते.

आवाज करायला हरकत नाही. खालच्या पट्टीतला लांब 'ओऽ' किंवा 'हंऽ' चालतो. गळा ताणून किंचाळलं की जबडा, खांदे आणि त्यांच्यासोबत ओटीपोटाचा तळही आवळतो. म्हणून कपाळ, जबडा आणि हाताच्या मुठी सैल आहेत ना, एवढंच सोबतीनं बघत राहावं.

भराभर श्वास घेतल्यानं बोटांना, ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते. घाबरायचं नाही, श्वास सोडणं लांबवायचं.

कंबरेवरचा हात

कंबर मोडतेय असं वाटतं, विशेषतः बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तेव्हा. यावर योग्य जागी दिलेल्या दाबासारखा दुसरा घरगुती उपाय नाही, पण जागा नेमकी सापडायला हवी. कंबरेखाली दोन बाजूंना दोन खळगे दिसतात. त्यांच्या मधलं, माकडहाडाच्या वरचं सपाट त्रिकोणी हाड, ती जागा.

बाई खुर्चीवर उलटी बसलेली किंवा खाटेवर उशांचा ढीग करून त्यावर ओणवी. तुम्ही मागे. एक हात तिच्या कमरेच्या हाडाला पुढून आधाराला लावा. दुसऱ्या तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग त्या त्रिकोणावर ठेवा. कोपर सरळ ठेवून अंगाचा भार टाका. कळ सुरू होताच दाबायचं, ती पूर्ण उतरेपर्यंत हलवायचं नाही, मग हळू सोडायचं. किती जोर, ते तीच सांगेल. बहुतेक जणी 'अजून' म्हणतात.

चुका ठरलेल्या असतात. मऊ कंबरेवर किंवा मणक्यावर दाबतात, त्यानं उलट दुखतं. कळेच्या मध्यावर हात काढतात. किंवा नुसत्या मनगटाच्या ताकदीनं दाबून तासाभरात स्वतःच दमतात. तेल लावून दाबलं तर तळवा सरकतो आणि कातडी सोलवटते. म्हणून दाब द्यायचा तर मध्ये कोरडं सुती फडकं, आणि कोमट खोबरेल तेल फक्त कळेच्या मधल्या वेळात मांड्या-पाठ चोळायला. पोट चोळायचं नाही.

दुसरा प्रकार: दोन्ही तळवे कुल्ह्यांच्या मांसल भागावर ठेवून आत आणि किंचित वर दाबायचं. हा दोघींनी मिळून केला तर सोपा जातो.

पाणी, शेक, बसणं-उठणं

न्हाणीत स्टुलावर बसून कंबरेवर कोमट पाण्याचे तांबे ओतून घेतल्यानं चांगला आराम पडतो. हंड्यातलं कढत पाणी आधी विसणून घ्या. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल तेवढंच गरम हवं. पावसाळ्यात न्हाणीची फरशी बुळबुळीत असते, तेव्हा खाली गोणपाट आणि सोबत माणूस पाहिजेच. कोरडा शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. दुखण्याच्या भरात कातडी भाजतेय हे कळत नाही.

उताणं झोपणं सोडून जे बरं वाटेल ते करावं. उताणं झोपलं की गर्भाशयाचं ओझं मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं, बाळाला रक्त कमी पोचतं आणि कंबरही जास्त दुखते. खिडकीच्या कठड्यावर ओणवं होऊन कंबर हळू डोलवणं, चार पायांवर येणं, पाटावर मांड्या फाकून बसणं, सगळं चालतं. झोपाळ्यावर मात्र कळेच्या वेळी बसू नये, तोल जातो.

'मला नाही जमणार'

आठ-नऊ सेंटिमीटरवर कळा दोन-तीन मिनिटांवर येतात, दीड मिनिटापर्यंत टिकतात. अंग थरथरतं, उलटी होते, बाई चिडते, 'सिझेरियन करा' म्हणते. हा टप्पा सर्वांत कठीण आणि बहुधा सर्वांत छोटा. इथे सल्ले नकोत. डोळ्यात डोळे घालून एकेक श्वास सोबत घ्या, ओलं फडकं मानेवर ठेवा, दोन कळांमध्ये चमच्यानं पाणी द्या. चार जणींनी चार गोष्टी सांगण्यापेक्षा एकीनंच बोलावं. प्रसूतिगृहात सोबतीण असावी असं केंद्र सरकारनं २०१६ साली सरकारी दवाखान्यांसाठी ठरवलं आहे. नाव नोंदवतानाच विचारून ठेवा.

याच सुमाराला शौचाला लागल्यासारखं वाटून जोर लावावासा वाटतो. तोंड पूर्ण उघडलंय असं तपासून सांगितल्याशिवाय जोर लावू नका, ते सुजतं आणि वेळ वाढतो. तोवर कुशीवर होऊन 'हू-हू-हू' असा तुटक श्वास सोडायचा.

इंजेक्शन मागण्यात कमीपणा काही नाही. ट्रॅमाडॉल, पेथिडिनसारख्या औषधानं धार बोथट होते, पण गुंगी आणि मळमळ येते. त्यानंतर काही तासांत बाळ जन्मलं तर तेही सुस्त असू शकतं, म्हणून वेळ डॉक्टर ठरवतात. पाठीतून दिलेल्या एपिड्युरलनं वेदना जवळजवळ थांबते, पण त्याला भूलतज्ज्ञ हवा. तालुक्याच्या ठिकाणी रात्री तो असेलच असं नाही. सातव्या महिन्यातच चौकशी करा.

जोर

आता वेदनेची जात बदलते, कळ दाबापेक्षा ढकलण्याची होते आणि बऱ्याच जणींना ती आधीपेक्षा सोसवते. पहिलटकरणीला यात तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. कळ भरात आली की हनुवटी छातीकडे घेऊन खाली, शौचाच्या दिशेनं, पाच-सहा सेकंद जोर. श्वास घ्यायचा, पुन्हा. एका कळेत तीन-चार वेळा. चेहरा आणि गळा फुगवून लावलेला जोर फुकट जातो, डोळे मात्र लाल होतात. कळ गेली की पूर्ण सैल. टेबलावर झोपवलं तर पाठीमागचा भाग उंच करून मागा, किंवा कुशीवर होऊ द्या म्हणा.

डोकं दिसू लागलं की चरचरतं, आग होते. तेव्हा जोर थांबवून 'हू-हू' करायचं, म्हणजे कातडीला ताणायला वेळ मिळतो आणि फाटणं कमी होतं. त्या जागी कोमट पाण्याचं स्वच्छ फडकं धरल्यानंही मदत होते. कोणी वरून पोट दाबायला आलं तर सोबतीणीनं थांबवावं. त्यानं बरगड्यांना, गर्भाशयाला इजा होते.

बाळ आल्यावर

वार पडताना एक-दोन सौम्य कळा येतात. रक्तस्राव रोखायला त्याआधी मांडीत इंजेक्शन देतात, ते घ्यायलाच हवं. टाके घालायचे असतील तर 'जागा बधिर केली का?' हे विचारा, आणि टोचलेलं जाणवत असेल तर तसं सांगा.

पुढचे दोन-तीन दिवस बाळाला पाजताना पोटात पुन्हा वळ येतो, दुसरेपणात जास्तच. गर्भाशय आकसत असतं. आधी लघवी करून मग पाजायला घ्या, ओटीपोटाखाली उशी घालून पालथं पडा, सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. शेक चालतो, पण बंद खोलीत शेगडी आणि धुरी नको, तो धूर बाळाच्या छातीत जातो. आणि तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, किंवा लिंबाएवढ्या गाठी पडत असतील, तर सकाळची वाट न बघता नर्सला उठवा. घरी असाल तर १०८.