पारा हाताळताना या चुका टाळा

लहानपणी घरातला थर्मामीटर फुटला, तेव्हा आजीने पाऱ्याचे मणी तळहातावर नाचवून दाखवले. संध्याकाळी तिची अंगठी पांढरी पडलेली. "सोन्याचं रुपं कसं झालं?" म्हणून ती घाबरली. सोनाराने अंगठी तापवून पुन्हा पिवळी केली. दुकानात, दारं लावून, कारण बाहेर पाऊस होता.

पारा सोन्याला असा चिकटतो, म्हणूनच पेरू, घाना, इंडोनेशियातले छोटे खाणवाले नदीच्या गाळात तो कालवतात. सोन्याचे कण धरलेला गोळा तापवला की पारा वाफ होऊन उडतो, सोनं उरतं. माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यात या धंद्याचा वाटा सर्वांत मोठा आहे.

कोकणात अशा खाणी नाहीत, मग आपला काय संबंध? हीच मोठी चूक. सराफांकडची झाडलोट धुऊन सोनं काढणारे झारेकरी काही ठिकाणी पाराच वापरतात. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर एवढं नक्की सांगा: तो गोळा घरातल्या शेगडीवर तापवू नका. वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि श्वासातून गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा शरीरात राहतो. धुण्याचं पाणीही वहाळात सोडू नका. पारा कुजत नाही. खाडीच्या चिखलातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, करतात, तो बारीक मासळीतून मोठ्या मासळीत साठत जातो. जपानच्या मिनामातात १९५६ साली मेंदू-मज्जातंतूंचा आजार उघड झाला, तो कारखान्यातून खाडीत सोडलेल्या अशाच पाऱ्याने, मासळीवाटे.

शिजवल्याने पारा जातो, हा आणखी एक गैरसमज. तो मांसातच बांधलेला असतो, तिरफळ घाला की कोकम. पण म्हणून मासे सोडू नका! गरोदर बाईला मुशी देऊ नका, मोठी सुरमईही टाळा. तारली, मांदेली, बांगडा खुशाल द्या.

थर्मामीटर फुटलाच तर आधी अंगठी-बांगड्या काढा, मुलांना बाहेर पाठवा, खिडक्या उघडा. केरसुणी लावू नका, थेंब फुटून फटीत शिरतात. दोन जाड कागदांनी गोळा करा, उरलेले बारीक मणी चिकटपट्टीने टिपा. सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. न्हाणीत ओतू नका. बरणीवर 'पारा' असं लिहून घंटागाडीत घातक कचरा म्हणून वेगळी द्या.