ईममध्ये राहायला येताय?

आधी गावाचं नाव. पाटीवरची अक्षरं वाचून मी पहिले दोन महिने 'आयम' म्हणत होतो. शेवटी बसच्या ड्रायव्हरने सुधारलं: 'ईम'.

गाव इंग्लंडमध्ये डर्बीशायर काउंटीत, शेफील्डहून गाडीने अर्धा तास, वस्ती हजाराच्या आत. पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच समजा. कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरपट्टीच्या बिलात तिची वेगळी ओळ दिसेल. पण कचरा जिल्हा कौन्सिल उचलते, रस्ते काउंटीकडे. गाव पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कात येतं, म्हणून खिडक्या बदलायच्या असतील तर आधी बेकवेलला नॅशनल पार्कच्या कचेरीत परवानगीचं विचारा, मगच सुताराला.

उत्तरेला ईम एजचा वालुकाश्माचा कडा, दक्षिणेला चुनखडी. दोन्हींच्या सांध्यावर झरे फुटतात, म्हणून घरं त्याच रेषेत लांबच लांब बसली आहेत. 1588 मध्ये झऱ्यांचं पाणी नळांनी दगडी कुंड्यांत आणलं. त्यांतल्या काही कुंड्या रस्त्याकडेला अजून आहेत. बर्फ पडला की कड्यावरच्या रस्त्याने गाडी नेऊ नका. मी नेली होती आणि पायी परत आलो.

आता प्लेग. जुन्या घरात भाड्याने राहणार असाल तर दाराशी पाटी असू शकते, इथे कोण कोण मेलं त्याची. प्रवासी ती वाचत उभे राहतात, तेवढ्यात खिडकीतून तुमचा स्वयंपाकही बघतात. पडदे लावून घ्या.

1665 च्या सप्टेंबरात लंडनहून आलेल्या कापडातून पिसवा आल्या असं सांगतात. पहिला गेला शिंप्याकडचा जॉर्ज व्हिकर्स. 1666 च्या जूनमध्ये तरुण पाद्री विल्यम माँपेसन आणि त्याच्या आधीचा पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी मिळून गावाला शीव ओलांडू नका म्हणून राजी केलं. गाव नव्या पाद्र्याचं ऐकेना, म्हणून जुन्याला मध्ये घ्यावं लागलं. एलिझाबेथ हँकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. चौदा महिन्यांत सुमारे 260 माणसं गेली.

आम्ही पुण्याचे. प्लेग म्हटलं की 1897, घराघरांत शिरणारे सोल्जर आणि रँड हेच आठवतं. इथे गावाने स्वतःच स्वतःला कोंडून घेतलं. तरी सगळेच संत होते असं समजू नका. पैसेवाले काही आधीच निघून गेले होते, आणि माँपेसननेही आपली मुलं बाहेर धाडली होती. बायको कॅथरिन मात्र राहिली आणि ऑगस्टमध्ये गेली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे, जुन्या सॅक्सन क्रॉसजवळ.

स्टोनी मिडलटनकडच्या पायवाटेवर शिवेचा दगड आहे. प्लेगमध्ये गावकऱ्यांनी त्याच्या भोकांत, रोग पसरू नये म्हणून, व्हिनेगर घालून नाणी ठेवायची, पलीकडचे धान्य ठेवून जायचे. भोकांच्या कडा बोटांनी गुळगुळीत झाल्यात. मुलांना एकदा न्या, वाटेतली फाटकं लावत चला, मेंढ्या असतात.

ओळखी करायच्या असतील तर ऑगस्टमध्ये झऱ्यांच्या सजावटीला हात लावा. ओल्या मातीच्या फळीवर पाकळ्या दाबून चित्र भरतात. रांगोळी येत असेल तर तुम्हाला कोणी सोडणार नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कक्लेट डेल्फच्या दरीत उघड्यावर प्रार्थना होते, कारण प्लेगमध्ये चर्च बंद ठेवून तिथेच जमायचे. गवत ओलं असतं, जाड सतरंजी न्या.