गाडीशिवाय रिले: कासच्या पठारावर खांदेपालट जमवायचा कसा

पोहणं, सायकल, पळणं आणि चढाई संघातल्या चौघांनी वाटून घ्यायची, एकाचा टप्पा संपला की दुसऱ्यानं पुढं न्यायचा (हाच खांदेपालट), अशा रिले शर्यतीबद्दल कुणाला विचारा, पहिला सल्ला ठरलेला: "मागं एक बोलेरो असू द्या, लागली तर लागली." ठेवली की ती लागतेच. पिशवी राहिली, पाऊस आला, कुणाचा पाय धरला, की सगळे तिच्यात बसतात. वडाप, म्हणजे सीटवारी भरणारी जीप, तीही त्याच हिशेबात धरा. जीप ती जीपच, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. एसटी, रेल्वे, सायकल आणि पाय यांवर भागवायचं असेल तरच पुढं वाचा.

उदाहरणाला साताऱ्याचीच आखणी घेऊ. संघ चौघांचा. पहिला शहरातल्या जलतरण तलावात पोहतो. दुसरा सायकलनं यवतेश्वरचा घाट चढून कास पठार गाठतो. तिसरा तिथून पळत समर्थ मंदिरापाशी येतो आणि चौथा अजिंक्यताऱ्यावर चढून शर्यत संपवतो.

पोहणाऱ्याचं काम सोपं: पोहायचं, घोट्यावरचा वेळ मोजणाऱ्या चिपचा पट्टा सायकलवाल्याला द्यायचा, कपडे बदलून समर्थ मंदिराकडं चालू लागायचं. पट्टा ओल्या पायावरून काढून दुसऱ्याच्या घोट्यावर बांधायचा सराव मात्र आधी करा. वेल्क्रोचं टोक थरथरत्या बोटांना सापडत नाही.

खरी मेख वर कासला आहे, आणि मला सगळ्यात जास्त छळलंय ते तिनंच. सायकलवाला पोचायच्या आत पळणारा तिथं हजर हवा. तो जाणार कसा?

"सकाळच्या पहिल्या एसटीनं जाईल" असं म्हणणाऱ्यानं आडगावची एसटी नीट पाहिलेली नसते. मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते आणि पहाटे शाळेची पोरं, दूधवाले, बाजारकरू घेऊन शहराकडं येते. म्हणजे तुम्हाला वर जायचं असतं तेव्हा गाड्या खाली येत असतात. वर जाणारी गाडी मिळेलही, पण तिच्या भरवशावर शर्यत ठेवू नका. पळणाऱ्यानं आदल्या संध्याकाळी बामणोलीकडं जाणाऱ्या गाडीनं जावं आणि पठाराजवळ मुक्काम करावा. घरगुती सोय होते, फोन करून जा. गाडीची वेळ स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत विचारा. मोबाइलवर सापडलेलं वेळापत्रक कोणत्या सालातलं असेल, सांगता येत नाही.

दुसरा हुशार सल्ला: "पळणारा सायकलनंच वर जाऊ दे की." जाऊ दे, पण तो खाली पळत येणार. मग त्याची सायकल कोण आणणार? शर्यतीचा सायकलवाला दोन सायकली घेऊन घाट उतरणार का? वर जितक्या सायकली जातील, तितकेच सायकलवाले खाली यायला हवेत. हा हिशेब तोंडी होत नाही. कागदावर तीन रकाने पाडा: माणूस, सायकल, पिशवी. प्रत्येक खांदेपालटाच्या ठिकाणी, पट्टा बदलण्याआधी आणि नंतर, कोण आणि काय कुठं आहे ते लिहा. एखादी वस्तू वर राहिली आणि तिला आणणारं नाव सापडलं नाही, तर योजना पुन्हा मांडा.

आता पिशवी. पळणाऱ्यानं मुक्कामाला नेलेलं सामान तो पाठीवर घेऊन पळणार नाही. ते खाली आणायचं काम सायकलवाल्याचं. त्याची शर्यत वर संपलेली असते. म्हणून पिशवी दोन पट्ट्यांची, कमरेला बांधता येईल अशी आणि हलकी हवी. एका खांद्याची पिशवी घाटाच्या वळणावर सरकून पुढं येते. तिच्यासकट उतरणाऱ्याला माझ्या संघात जागा नाही. वर जाताना हीच पिशवी सायकलवाल्याचं जर्किन, कोरडा शर्ट आणि जादा ट्यूब घेऊन जाते. चढताना घामानं भिजलेला माणूस पठारावरच्या वाऱ्यात तसाच उतरायला लागला की बोटं आखडतात, आणि आखडलेल्या बोटांनी ब्रेक दाबला जात नाही. जर्किन नसेल तर जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घाला.

पठारावर फोनची रेंज भरवशाची नाही. "पोचलो की कळवतो" यावर काही ठरवू नका. पळणाऱ्यानं ठरल्या वेळेपासून ठरल्या जागी उभं राहायचं, चहाला टपरीवर जायचं नाही. सायकलवाला किती वाजेपर्यंत आला नाही तर पळणाऱ्यानं जागा सोडायची, तेही आदल्या दिवशी ठरवा.

तारीख निवडताना फुलांच्या हंगामातले शनिवार-रविवार टाळा. २०१२ साली पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, त्यात कास आलं. सप्टेंबरात घाटात चारचाक्यांची रांग लागते आणि एसटीही तिच्यातच अडकते. धुक्यात उतरणारी सायकल समोरच्याला दिसत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम.

पळणाऱ्याला एकच सूचना: बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधा, नाहीतर उतारावर बोटं पुढं आदळून नखं काळी पडतात. अजिंक्यताऱ्याच्या चढाला वेगळं काही सांगायला नको. साताऱ्यात रोज सकाळी तो चढणारे ढीगभर भेटतील.

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी सायकल रेल्वेनं आणावी. सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. तिथून सायकलवर बसूनच शहरात या. सायकल पार्सलला द्यायची तर पेडल काढून, नाव-पत्ता लिहून, वेळ हाताशी ठेवून खिडकीवर जा. परतीची गाडी शर्यतीच्याच संध्याकाळची धरू नका.