अ‍ॅपचे स्क्रीनशॉट: चित्रावरची ओळ वाचता आली पाहिजे

रावेर-यावल पट्ट्यासाठी केळीचे भाव दाखवणारं अ‍ॅप तयार आहे, प्ले कन्सोलचं (प्ले स्टोअरवर अ‍ॅप चढवण्याच्या गूगलच्या जागेचं) खातंही उघडलं आहे, असं धरून चालू. उरले ते स्टोअरमधल्या अ‍ॅपच्या पानावर लावायचे स्क्रीनशॉट. ‘फोनवर दोन बटणं दाबा आणि आलेलं चित्र चढवा’ असा सल्ला देणाऱ्यांनी तो हल्लीच्या फोनवर करून पाहिलेला नसतो. आज पुष्कळ फोनचा पडदा १०८० बाय २४०० पिक्सेल असतो. प्ले स्टोअरला लांब बाजू आखूड बाजूच्या दुपटीपेक्षा मोठी चालत नाही. १०८० ची दुप्पट २१६०, म्हणजे चित्र दारातूनच परत येतं.

आधी अ‍ॅपमध्ये दाखवण्यापुरता मजकूर भरा. ‘टेस्ट १२३’ नको. नवती, कांदेबाग, पिलबाग हे केळीच्या मालाच्या प्रकारांसाठी बाजारात बोलले जाणारे शब्द आणि क्विंटलमागे पटेल असा भाव हवा. खऱ्या शेतकऱ्याचं नाव किंवा मोबाईल नंबर दिसता कामा नये. अ‍ॅपलच्या नियमांत तर कल्पित खातं वापरा असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

मग अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समधला सिस्टिम यूआय डेमो मोड चालू करा. बॅटरी भरलेली दिसते आणि वरच्या पट्टीतली नोटिफिकेशनची गर्दी जाते.

प्ले स्टोअरवर फोनसाठी किमान २, जास्तीत जास्त ८ चित्रं. अ‍ॅपलकडे १० पर्यंत. प्ले स्टोअरने अ‍ॅप ठळक जागी दाखवावं असं वाटत असेल तर किमान ४ हवीत, उभी असतील तर १०८० बाय १९२० ची. पाच पुरेत. पहिलं चित्र आजच्या भावाचं. लॉगिनचा पडदा किंवा नुसता लोगो पहिला लावणं म्हणजे गिऱ्हाइकाला दुकानाची पाठची भिंत दाखवणं. अ‍ॅपलच्या शोधात व्हिडिओ नसेल तर पहिली तीन उभी चित्रंच दिसतात, तेव्हा सांगायचं ते त्या तीन चित्रांत संपवा.

आता खरी अडचण: अ‍ॅप कशाचं ते सांगणारी चित्रावरची मराठी ओळ. इथेच बहुतेकांचं काम फसतं.

१०८० बाय १९२० चा कॅनव्हास घ्या. वरचे ३८४ पिक्सेल, म्हणजे २० टक्के, ओळीसाठी ठेवा. गूगलचं सांगणंही ओळीने याहून जास्त जागा खाऊ नये असंच आहे. खाली १०८० बाय २४०० चा अख्खा पडदा बसवायचा हट्ट धरलात तर तो जेमतेम ६९१ रुंद होतो आणि आकडे मुंगीएवढे दिसतात. त्यापेक्षा पडदा ९०० रुंद ठेवा, दोन्ही बाजूंना ९० सोडा आणि खालचा भाग कॅनव्हासबाहेर जाऊ द्या. उंची २००० होते, त्यातले १५३६ दिसतात. म्हणून महत्त्वाचं सगळं वरच्या तीन-चतुर्थांशात असलेलाच पडदा निवडा.

स्टोअरमध्ये चित्र फोनच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं दिसतं. अक्षर ८० पिक्सेलपेक्षा लहान नको, ओळी दोनच आणि शब्द चार-पाच. ‘रावेरचा आजचा केळी भाव’ चालेल. ‘अत्याधुनिक तंत्रज्ञानाने युक्त कृषी व्यासपीठ’ कुणीही वाचत नाही. ‘नंबर वन’, ‘आत्ताच डाउनलोड करा’ हे गूगलला नको असतं. वाचणाऱ्यालाही त्यातून काही कळत नाही.

देवनागरीच्या खोड्या वेगळ्याच. अक्षरांतलं अंतर शून्यच ठेवा. इंग्रजी मथळ्यासारखं ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या किमान १.४ पट धरा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर बसतो. फोटोशॉपमध्ये वेलांटी भलत्या जागी गेली किंवा जोडाक्षर फुटलं तर फाँटला दोष देऊ नका; टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटातला मजकूर दुसरीकडे चिकटवू नका, पुन्हा टाइप करा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा फाँट, ठळक वजनात. शेवटी ल आणि श मराठी वळणाचे आले का ते बघा. हिंदी वळणाचा ल वाचता येतो, पण परका वाटतो.

रंगाबाबत तडजोड नाही. हे चित्र मे महिन्यात भुसावळच्या उन्हात, तडा गेलेल्या काचेवर पाहिलं जाणार आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं तिथे दिसतच नाहीत. गडद हिरव्यावर पांढरी घ्या.

तपासणी सोपी आहे. पाचही चित्रं फोनमध्ये टाका, गॅलरी एका ओळीत तीन चित्रं दिसतील अशी उघडा, बाहेर उन्हात हात लांब करून धरा. ओळ वाचता आली नाही तर अक्षर मोठं करत बसू नका, शब्द कमी करा.

जेपीईजी किंवा २४-बिट पीएनजी काढा, पार्श्वभूमी पारदर्शक नको. अ‍ॅपलसाठी कॅनव्हास वेगळा: ६.९ इंची पडद्याला १२९० बाय २७९६ चालतो, आणि तिथे एक पिक्सेलही इकडचा तिकडे खपत नाही.

प्ले कन्सोलमध्ये मराठी भाषा जोडून ही चित्रं तिथेच लावा. मूळ इंग्रजी पानावर इंग्रजी ओळींची वेगळी. अहिराणी अ‍ॅपच्या आत खुशाल वापरा, शोभते. चित्रावर मात्र मराठीच बरी, कारण गिऱ्हाईक बऱ्हाणपूर रस्त्यावरचंही असतं आणि अकोल्याचंही.

कोणतं पहिलं चित्र चालतं हे प्ले कन्सोलच्या स्टोअर लिस्टिंग एक्स्परिमेंटमध्ये (वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी चित्रं दाखवून तुलना करायची सोय) तपासता येतं, चालू चित्राविरुद्ध तीन पर्यायांपर्यंत. एका वेळी एकच गोष्ट बदला. पानावर दिवसाला दहा-वीस माणसं येत असतील तर त्या भानगडीत पडूच नका. तेवढ्यावर निकाल लागत नाही. त्यापेक्षा बाजार समितीच्या आवारात चौघांना चित्र दाखवा आणि अ‍ॅप कशाचं आहे ते विचारा.