तरुण रेडिओ गॅलॅक्सीभोवतीचा गरम गॅस: चंद्रा दुर्बिणीच्या डेटावर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

चंद्रा या अंतराळातल्या एक्स-रे दुर्बिणीचा डेटा पहिल्यांदा उघडणार असाल तर एक आधीच सांगते, मधे पांढराशुभ्र ठिपका आणि भोवती धूसर वलय दिसलं की लगेच गरम गॅस सापडला असं धरून चालू नका. मी धरलं होतं आणि त्यात दोन महिने गेले.

माझी रेडिओ गॅलॅक्सी (रेडिओ लहरींत झगझगीत दिसणारी) तरुण होती, म्हणजे मधल्या ब्लॅक होलपासून निघालेले जेट (कणांचे वेगवान झोत) अजून गॅलॅक्सीच्या आतच, वय काही हजार ते लाखभर वर्षं. जेट भोवतालच्या गॅसमधे घुसतोय, शॉकने (धक्क्याच्या लाटेने) त्याला कोटीभर अंशांपर्यंत तापवतोय, हे चालू असतानाच बघायला मिळतं आणि म्हणूनच मला हा विषय एवढा जवळचा वाटतो. पण अडचण अशी की एवढ्या लांबून तो सगळा गॅस आकाशात जेमतेम काही आर्कसेकंदांत (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मावतो, आणि चंद्राची नजर अर्ध्या आर्कसेकंदाची असली तरी मधल्या झगझगीत केंद्राचा प्रकाश थोडा थोडा बाहेर सांडतोच.

म्हणून आधी चार्ट आणि मार्क्स (चंद्राच्या आरशांची आणि कॅमेऱ्याची नक्कल करणारे प्रोग्रॅम) वापरून केंद्राच्याच स्पेक्ट्रमचा खोटा बिंदू तयार करा आणि दोघांचे रेडियल प्रोफाइल, म्हणजे केंद्रापासून बाहेर उजेड कसा घटतो त्याचे आलेख, एकावर एक ठेवा. माझं वलय तीन आर्कसेकंदांपर्यंत त्या खोट्या बिंदूशी तंतोतंत जुळलं, त्याच्या पलीकडे चाळीसेक फोटॉन जास्तीचे उरले. गॅस असलाच तर तेवढाच! डीएस-नाईन या चित्र बघायच्या प्रोग्रॅममधे स्मूदिंग (ठिपके पसरवून मऊ करणं) जपून करा, विरळ फोटॉनांतून छान छान कमानी तयार होतात ज्या मुळात नसतात.

फोटॉन इतके कमी असताना मॉडेल बसवताना काय-स्क्वेअर नको, कमी फोटॉनांसाठीचं सी-स्टॅट हे माप घ्या. गॅसचं तापमान बऱ्याचदा १ केईव्ही (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक, किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) जवळच्या लोखंडाच्या रेषांच्या उंचवट्यावरून कळतं, आणि नेमकी तिथेच एक गोम आहे. दुर्बीण १९९९ साली वर गेली, तेव्हापासून कॅमेऱ्याच्या फिल्टरवर थर साचत गेलाय, त्यामुळे कमी ऊर्जेचे फोटॉन आता पूर्वीपेक्षा बरेच कमी पोचतात, तेव्हा २००० सालच्या ऑब्झर्वेशनची रिस्पॉन्स फाइल (कुठल्या ऊर्जेचे किती फोटॉन टिपले जातात ते सांगणारी) नव्याला लावली तर तापमान साफ चुकतं.

उरलेला उजेड गॅसचाच का, हेही तपासायला लागतं. केंद्राच्या प्रकाशाने आयनित झालेला थंड गॅससुद्धा एक्स-रे रेषा देतो. शिवाय लोबमधले (जेटच्या टोकाला फुगलेल्या रेडिओ ढगांमधले) इलेक्ट्रॉन कॉस्मिक मायक्रोवेव्ह पार्श्वभूमीच्या, म्हणजे विश्वभर भरलेल्या मंद मायक्रोवेव्ह उजेडाच्या, फोटॉनांना धक्का देऊन एक्स-रे बनवतात, त्यात रेषा नसतात, आणि लांबच्या गॅलॅक्सीत हे फार वाढतं कारण त्या पार्श्वभूमीची ऊर्जाघनता (१+झेड) च्या चौथ्या घाताने चढते (झेड म्हणजे रेडशिफ्ट, गॅलॅक्सी जितकी लांब तितका मोठा). मी रेडिओचे काँटूर (सारख्या उजेडाच्या रेषा) एक्स-रे चित्रावर टाकते, उजेड लोबच्या आतच भरलेला असेल तर इलेक्ट्रॉनांवर संशय, कडेने किंवा बाहेर असेल तर गॅसची आशा.

सरावाला ३सी ३०५ ही रेडिओ गॅलॅक्सी घ्या, डेटा चंद्राच्या आर्काइव्हमधे सगळ्यांना खुला आहे आणि तिथला एक्स-रे उजेड रेडिओच्या बाहेरपर्यंत पसरलेला स्वच्छ दिसतो.