डूला नेमकं काय करते, आणि तिच्याकडून काम कसं करून घ्यायचं

मी डूला आहे म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न, "म्हणजे सुईण ना?" नाही हो. सुईण बाळंतपण करते, मी नाही करत. मी बीपी बघत नाही, आतून तपासत नाही, अमुक गोळी बंद करा असं तर अजिबातच सांगत नाही, आणि कुणी डूला हे सगळं करते म्हणाली तर तिथूनच नमस्कार करून उठायचं. माझं काम एवढंच की कळा जोरात आल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंत बाळंत होणाऱ्या बाईला सोडून जायचं नाही. सिस्टरची ड्युटी बदलते, डॉक्टर येऊन बघून जातात, मी तिथेच. किरकोळ वाटेल, पण २०१७ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतात त्यात, १५ हजारांवर बायकांची माहिती होती, आणि ज्यांच्याजवळ सतत कुणीतरी होतं त्यांच्यात नॉर्मल जास्त, सिझर कमी, असंच दिसलं.

आता पहिलं काम. डूला शोधायच्या आधी हॉस्पिटलला विचारा, लेबर रूममध्ये सोबत किती जणं चालतात. सातवा लागला की विचारा, आणि रिसेप्शनवर नाही, डॉक्टरांना विचारा, आणि फाईलवर लिहून घ्या. मी हे का सांगतेय, तर एकदा सगळं तोंडी ठरलेलं, आणि रात्री ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या एकच माणूस आत, मग नवरा गेला आत आणि मी पहाटेपर्यंत बाहेरच्या बाकावर, त्याला मेसेजवर सांगतेय कंबर कुठे दाब. सरकारी दवाखान्यात लक्ष्य (लेबर रूम सुधारायचा सरकारी कार्यक्रम) याखाली सोबतीण ठेवायची सोय आहे, पण ती साधारण घरातली बाईच, म्हणजे मावशी, जाऊ, मोठी बहीण. तर तुमचं बाळंतपण तिथे असेल किंवा डूलाची फी परवडत नसेल तर खालचं सगळं त्या मावशीला वाचायला द्या, यातलं बरंचसं तिला जमतं.

डूला निवडताना सर्टिफिकेट बघा, पण त्याहून जास्त हे विचारा की त्याच रात्री दुसरीकडे डिलिव्हरी आली तर तुमच्या जागी कोण येणार. उत्तर अडखळलं तर पुढची बघा. आणि एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ते इंजेक्शन, घेणं म्हणजे हरणं असं बोलणारी नको, डॉक्टरांशी भांडायला उत्सुक असलेली तर नकोच नको, त्या भांडणात कळा देणारी बाई मधल्यामधे अडकते.

डिलिव्हरीच्या आधी दोन-तीन भेटी होतात, त्यात मी निम्मा वेळ नवऱ्यावर खर्च करते. कंबरेची प्रॅक्टिस. ती पलंगावर हात टेकून पुढे वाकते, तुम्ही मागे उभे राहायचं, दोन्ही तळवे कुल्ल्यांच्या बाजूला, हाडावर नाही, खालच्या मांसल भागावर, आणि दोन्हीकडून आत आणि किंचित वर दाबायचं, कळ चढायला लागली की लगेच, उतरेपर्यंत हात हलवायचा नाही. पुरुष सुरुवातीला घाबरून हळू दाबतात. ती ओरडून सांगते, "अजून जोरात!" तेव्हा कळतं किती ते. कळ पाठीत येत असेल तर माकडहाडाच्या जरा वर तळव्याची टाच रोवायची. दहा कळांनंतर मनगटं जातात म्हणून दोघं लागतात, एक दाबायला, एक पाणी पाजायला.

रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर मला मेसेज करा आणि जमलं तर झोपा. खरंच. पहिलटकरणीला वेळ लागतो, आणि खोट्या कळा असतील तर चाललं-बसलं, कूस बदलली की त्या विरतात. दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, असं तासभर चाललं की निघायचं, अर्थात तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं, आणि दुसरं बाळंतपण असेल किंवा घर लांब असेल तर आधीच निघा. पण पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं प्रचंड ठणकतंय, यातलं काहीही झालं तर कळा मोजत बसायचं नाही, मला फोन नंतर, हॉस्पिटलला आधी.

आत गेल्यावर माझं बोलणं कमीच. डॉक्टरांनी काही सुचवलं आणि घाई नसेल तर मी तिच्या कानात एवढंच म्हणते, विचार त्यांना, हे का, आणि अजून तासभर थांबलो तर काय. प्रश्न तिने किंवा नवऱ्याने विचारायचा, मी नाही. एपिड्युरल घेतलं तरी काम संपत नाही, कूस बदलायला लागते, गुडघ्यांमध्ये उशी द्यायला लागते. सिझर ठरलं तर ऑपरेशन थिएटरमध्ये मला बहुतेक सोडत नाहीत, तेव्हा मी बाहेर घरच्यांजवळ, त्यांचेही हातपाय गार पडलेले असतात.

आणि मग बाळ. पहिल्या तासात अंगाला अंग लावून ठेवायचं आणि चीक पाजायचा. इथे आजी येतात मधाचं बोट घेऊन. वर्षाच्या आत मध नाही, हे आजींना मी सांगितलं तर "आमची नाही का वाढली" सुरू होतं, म्हणून हे बाळाच्या डॉक्टरांकडूनच त्यांना सांगून घ्यायचं, आधीच्याच भेटीत, आणि मधाच्या बाटलीच्या जागी आजींच्या हातात टोपडं-दुपटं द्यायचं, बाळाला गुंडाळायचं काम त्यांचं. आजपर्यंत एकाही आजीने नाही म्हटलेलं नाही.